कोरीव राजचित्राचं रूपविश्लेषण: आधी रेषा, मग राजा

बरोक काळातल्या (युरोपातलं सतरावं शतक आणि अठराव्याची सुरुवात) एखाद्या कोरीव राजचित्राचं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून कागदावर छापलेल्या राजाच्या चित्राचं, रूपविश्लेषण (ते रेषा-छटांनी कसं घडलंय याचा अभ्यास) करायला सांगितलं की बहुतेक वह्यांत तोच मजकूर येतो: केसांचा भरघोस टोप, झगा, मुकुट, राजदंड, चेहऱ्यावरचा रुबाब, आणि शेवटी ‘सत्तेचं भव्य दर्शन’. यात खोटं काही नसतं. पण हे वर्णन राजाचं झालं, छापाचं झालं नाही. कित्येकदा तर ते मूळ तैलचित्राचं वर्णन असतं आणि खाली नाव तेवढं छापाचं असतं.

म्हणून लिहिताना एक कसोटी जवळ ठेवा. आपला परिच्छेद उचलून मूळ तैलचित्राखाली ठेवायचा. एकही शब्द न बदलता तो तिथे चालला, तर खोडून टाकायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही कसोटी पार करण्यासाठी आहेत, आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

उदाहरण म्हणून एकच जोडी घेऊ. चित्रकार इयासिंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेलं फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं पूर्णाकृती चित्र (पॅरिसचं लूव्र संग्रहालय, २७७ × १९४ सेंमी) आणि त्यावरून पिएर द्रव्हेने १७१४-१५ मध्ये तांब्याच्या प्लेटवर कोरलेला छाप. छापाची उंची सुमारे ७० सेंमी, म्हणजे मूळ चित्राच्या साधारण पाव. रोबेर नांतय किंवा क्लोद मेलाँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच कोरणाऱ्यांचा छाप घेतलात तरी पद्धत हीच राहते.

तयारी

पहिला प्रश्न प्रतिमेच्या आकाराचा, आणि निम्मे निबंध इथेच बिघडतात. ७० सेंमी म्हणजे ७०० मिमी. तुमच्याकडची फाइल २,००० पिक्सेल उंच असेल तर एका मिलिमीटरच्या वाट्याला तीन पिक्सेलही येत नाहीत. बारीक कोरकामात तेवढ्या जागेत दोन-तीन रेषा सहज असतात. मग त्या एकमेकींत मिसळतात, पडद्यावर राखाडी धूर दिसतो, आणि विद्यार्थी लिहितो, ‘छटा अत्यंत मृदू आहेत’. ती मृदुता फाइलची असते. एवढ्या मोठ्या छापासाठी निदान ७,००० पिक्सेल उंचीची प्रतिमा हवी. तेवढी मिळाली नाही, तर लहान आकाराचा छाप निवडलेला बरा. अॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ इथे मोठ्या प्रतिमा फुकट पाहता येतात आणि बऱ्याचशा उतरवूनही घेता येतात.

त्यानंतर एवढं जमवा:

१. पूर्ण छापाच्या ए-४ आकाराच्या तीन प्रती, रचना, छटा आणि रेषा यांसाठी एकेक.
२. चेहरा, एक हात, कापडाची एक घडी आणि पार्श्वभूमीचा एक तुकडा, हे चार भाग मोठे करून छापलेले.
३. काळ्या कार्डाचा तुकडा, मधोमध २ × २ सेंमीची खिडकी कापलेली.
४. मोजपट्टी, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल.
५. प्रत्यक्ष छाप पाहायला मिळणार असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी विजेरी. विजेरी वापरायची ती परवानगी घेऊनच.

संग्रहालयाच्या अभ्यासिकेत पेन चालत नाही. भिंगही कागदाला टेकवायचं नाही. ट्रेसिंग नेहमी झेरॉक्सवर करायचं, मूळ छापावर कधीही नाही.

इशारा: छापाखालची संग्रहालयाची टिपणी आत्ता वाचू नका. ती वाचली की तिथे लिहिलेलंच दिसू लागतं. ती सातव्या पायरीला लागेल.

पायरी १: समोर नेमकं काय आहे ते ठरवा

कोरीव छापासाठी ब्युरिन लागतं. चौकोनी छेदाची पोलादी सळई, टोक तिरपं घासलेलं, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. कोरणारा ते नांगराच्या फाळासारखं पुढे रेटतो, तांबं बाहेर येतं आणि व्हीच्या आकाराची चर उरते. वक्ररेषा हवी असेल तर हातापेक्षा प्लेट फिरते. प्लेटखाली चामड्याची वाळूची उशी असते ती त्यासाठीच. दाब वाढला की चर खोल आणि रुंद होते, दाब सोडला की अरुंद होऊन संपते. त्यामुळे कोरीव रेषेचं टोक निमुळतं असतं आणि तिचं पोट फुगलेलं असतं.

एचिंगमध्ये प्लेटवर मेणाचा थर असतो. त्यात सुई ओढायची आणि तांबं आम्लाला खाऊ द्यायचं. रेषा मोकळी, थोडी थरथरती, जाडी जवळपास एकसारखी आणि टोक बोथट. मेझोटिंटमध्ये रेषाच नसते. अख्खी प्लेट आधी खरबरीत करतात आणि मग घासून उजेड बाहेर काढतात. १६४२च्या सुमारास लुडविग फॉन सीगेनने ही रीत काढली आणि पुढे इंग्लंडमधल्या राजचित्रांत ती फार चालली. द्रव्हेचा छाप ब्युरिनचा आहे.

हा फरक गडद भागात शोधू नका. तिथे सगळंच काळं दिसतं. सावली जिथे संपते तिथे जा: गालाची उजळ कड, हाताची पाठ, मोज्यावरचा प्रकाश. रेषांची टोकं तिथेच उघडी पडतात. बरेच कोरणारे आधी एचिंगने आराखडा घेत आणि वरून ब्युरिन चालवत, म्हणून एकाच छापात दोन्ही प्रकारची टोकं सापडली तर गोंधळू नका. सापडली तसं लिहा.

तपासा: भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर समोर आहे ते पुस्तकात छापलेलं छायाचित्र आहे. कोरीव छापात शाई कागदावर किंचित उठून असते आणि चित्राभोवती प्लेटचा दबलेला चौकोन उमटतो. विजेरी अगदी तिरपी धरली की दोन्ही दिसतात.

कागदही बघून घ्या. उजेडासमोर धरल्यावर दोन-तीन सेंमी अंतराने समांतर पट्ट्या दिसल्या, तर तो साच्याच्या तारांचे वळ उमटलेला कागद. असे वळ नसलेला, सपाट पोताचा कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला. १७१५ची प्लेट अशा कागदावर छापलेली असेल तर ती नंतरची छपाई. तांबं मऊ असतं, दर छपाईला झिजतं, आणि सगळ्यात आधी जातात चेहऱ्यावरच्या बारीक रेषा. ‘कलावंताने चेहरा उजळ ठेवला’ असं लिहिण्याआधी प्लेट झिजलेली नाही ना, एवढं पाहून घ्यायचं. शक्य असेल तर दुसऱ्या संग्रहातली प्रत शेजारी ठेवा.

पायरी २: खालची अक्षरं वाचा

याला फार वेळ लागत नाही, पण हे वगळलं तर पुढचं सगळं चुकतं. छापाखाली डावीकडे बहुधा मूळ चित्रकाराचं नाव असतं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं. नावापुढे लॅटिन शब्द येतो: ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगवलं, ‘डेलिनेआविट’ म्हणजे रेखाटलं, ‘स्कुल्प्सिट’ म्हणजे कोरलं, ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशित केलं. ‘आड विवुम’ असेल तर समोर बसवून काढलेलं. ‘कुम प्रिव्हिलेजिओ रेजिस’ ही नक्कल करायला मनाई करणारी राजाची परवानगी. हे शब्द आखडून छापलेले असतात, म्हणून पहिल्या दोन-तीन अक्षरांवरून ओळखायची सवय करा.

यावरून छापाची जात ठरते. नांतय समोर बसलेल्या माणसाचं स्वतः पेस्टलमध्ये चित्र काढी आणि तेच प्लेटवर कोरी. तिथे चेहरा आणि रेषा दोन्हींचे निर्णय एकाच माणसाचे. द्रव्हेकडे पवित्रा, पोशाख आणि मांडणी रिगोची, रेषा मात्र द्रव्हेची. या दोन जातींना एकाच मापाने मोजता येत नाही.

खाली राजाची ढाल (राजघराण्याचं चिन्ह) असेल तर तिच्यातल्या रेषा निराळ्या नियमाने वाचायच्या. सतराव्या शतकात ढालींचे रंग रेघांनी दाखवायची पद्धत रूढ झाली: आडव्या रेघा निळ्या रंगासाठी, उभ्या तांबड्यासाठी, ठिपके सोन्यासाठी, कोरी जागा चांदीसाठी. फ्रान्सच्या ढालीत निळ्यावर सोनेरी लिलीची फुलं असतात, म्हणून पार्श्वभागी आडव्या रेघा दिसतात.

इशारा: हा नियम ढालीपुरताच. राजाच्या झग्यावर आडव्या रेघा दिसल्या म्हणून तो निळा ठरत नाही. तिथली रेघ घडीच्या वळणाने जाते, रंगाच्या खुणेने जात नाही.

पायरी ३: लांबून पाहा, मग मोजा

छाप दोन मीटर लांब ठेवा किंवा पडद्यावर तळहाताएवढा करा. आता रेषा दिसत नाहीत, फक्त वस्तुमान दिसतं. पहिल्या ए-४ प्रतीवर दोन कर्ण आणि उभे-आडवे मध्य आखा. मग मोजा: डोळे वरून कितव्या भागात येतात, शरीराचा उभा अक्ष मध्यापासून किती सरकलाय, पायाखाली किती जागा सोडलीय, डोक्यावर किती. ‘आकृती मध्यभागी आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘अक्ष मध्यापासून रुंदीच्या अमुक भागाइतका उजवीकडे’ असं लिहा. आकडा लिहिला की आपण नुसतं बघतोय की खरोखर मोजतोय, ते कळतं.

रिगोच्या रचनेत नजर खिळवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. राजा राजदंड उलटा धरून काठीसारखा टेकवतो. दंडाचं टोक, मुकुट आणि उशी एका बाजूला. दुसरा हात कमरेवर. झगा मागे सारलेला, त्यामुळे पांढऱ्या मोज्यांतले दोन्ही पाय वरपर्यंत उघडे. मागे स्तंभ, त्याच्या तळखड्यावर न्यायदेवतेचं उठावशिल्प, वर पडद्याचा मोठा झोल. यातल्या मुख्य दिशा ट्रेसिंगवर पाच-सहा सरळ रेघांनी काढा. त्याहून जास्त काढल्या की रचना हरवते आणि चित्राची नक्कल सुरू होते.

क्षितिजही शोधा. चौथऱ्याच्या कडा, फरशी आणि स्तंभाचा तळखडा यांच्या मागे जाणाऱ्या रेघा पट्टीने वाढवा. त्या जिथे मिळतात त्या उंचीला पाहणाऱ्याचे डोळे. ही उंची राजाच्या डोळ्यांच्या किती खाली येते? बघणाऱ्याला खाली उभं करण्याचं काम हे अंतर करतं. नुसतं ‘राजा उंच भासतो’ असं लिहिलं तर कारण तसंच राहून जातं.

तपासा: दिशा उलटलेली आहे का? प्लेटवर कोरलेलं कागदावर डावं-उजवं उलटून येतं. रिगोच्या चित्रात दंड राजाच्या उजव्या हातात आणि तलवार डाव्या बगलेला आहे. तुमच्या छापात हेच असेल तर कोरणाऱ्याने प्लेटवर सगळं चित्र उलटं उतरवून घेतलं, हे नोंदवा. तलवार उजव्या बगलेला असेल तर उलटापालट तशीच राहिली. मग ‘डावीकडून उजवीकडे वाहणारी रचना’ अशी वाक्यं मूळ चित्रकाराच्या नावावर खपवता येत नाहीत.

पायरी ४: छटांचा नकाशा

दुसरी ए-४ प्रत घ्या आणि पूर्ण छाप पाच छटांत वाटून टाका: कोरा कागद, फिकट, मध्यम, गडद, काळा. प्रत्येक भागावर १ ते ५ आकडा. डोळे बारीक करून पाहिलं की वाटणी सोपी जाते. शेजारचे दोन भाग एकाच आकड्याचे असतील तर त्यांच्यातली हद्द पुसून टाका, मग ते वेगळ्या वस्तूंचे का असेनात.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. कोरीव छापात पांढरं म्हणजे न कोरलेलं तांबं, आणि कागदापेक्षा उजळ काही नसतं. तैलचित्रात शेवटी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवून चकाकी आणता येते. प्लेटवर ती जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवावी लागते. चुकून कोरलं गेलं तर खरवडायचं, घासायचं आणि खळगा पडला तर पाठीमागून ठोकून पृष्ठ वर आणायचं, एवढा खटाटोप. म्हणून १ आकड्याचे सगळे भाग वेगळ्या यादीत लिहा. त्यांतला प्रत्येक भाग मुद्दाम राखलेला आहे.

आता खरा प्रश्न. रिगोच्या चित्रात चेहरा उठून दिसतो त्याला त्वचेच्या उबदार रंगाची मदत आहे. छापात रंग नाही. उलट अर्मिन या छोट्या प्राण्याची पांढरी फर, लेसचा गळपट्टा आणि मोजे, हे तिन्ही चेहऱ्याहून पांढरे पडू शकतात. मग नजर चेहऱ्यावर कशी थांबवली? १ आकडा कुठे सर्वांत जास्त पसरलाय ते पाहा. बहुधा तो चेहऱ्यावर नसेल. चेहरा उजळपणाच्या जोरावर नाही, विरोधाच्या जोरावर उभा राहतो: भोवती टोपाचा गडद घेर, आणि त्या घेराला लागून गालाची फिकट कड. फरीवर, मोज्यांवर कोरणाऱ्याने किती फिकट रेषा घालून त्यांचा पांढरेपणा उतरवलाय, तेही मोजा. एवढ्या एका मुद्द्यावर निबंधाचा चांगला अर्धा भाग उभा राहतो.

तांबडा पडदा आणि निळा झगा यांचं तेच. रंगात त्यांची जात वेगळी, पण छटेच्या आकड्यांत ते जवळ येऊ शकतात. आकडे सारखे निघाले तर दोघांना वेगळं ठेवणारं काही तरी दुसरं असलंच पाहिजे. ते पुढच्या पायरीत सापडेल.

पायरी ५: रेषांचा नकाशा

इथे घाई करायची नाही. उपलब्ध वेळातला निम्मा इथेच गेला तरी हरकत नाही.

काळ्या कार्डाची खिडकी मोठ्या केलेल्या छापावर एकेका जागी ठेवा. कार्ड एवढ्यासाठी की भोवतीची वस्तू झाकली जाते आणि ‘ही मखमल आहे’ हे डोळा विसरतो. प्रत्येक खिडकीसाठी पाच गोष्टी लिहा: रेषेची दिशा, जाडी कुठे फुगते, दोन रेषांतलं अंतर, किती थर एकमेकांना छेदतात आणि कोणत्या कोनात, आणि रेषा कशी संपते. निदान आठ जागा घ्या: पडदा, टोप, फर, मखमल, मोजा, मुकुटाचं धातुकाम, स्तंभाचा दगड, मोकळी पार्श्वभूमी. चेहरा मुद्दाम मागे ठेवलाय.

काय शोधायचं ते थोडं सांगणं भाग आहे.

दगड आणि भिंत यांसाठी कोरणारे बहुधा सरळ रेषा घेत आणि त्या काटकोनाच्या जवळ छेदत. चौकटी पडल्या की पृष्ठ निर्जीव, सपाट वाटतं. कापडावर आणि कातडीवर छेद तिरपा, म्हणजे मध्ये समभुज चौकोनासारख्या तिरप्या खिडक्या पडतात. त्या खिडक्यांच्या मधोमध ठिपका टाकायची रीत सोळाव्या शतकाअखेरच्या डच कोरणाऱ्यांपासून सर्वत्र गेली. ठिपक्याने छटा गडद होते आणि जाळीचा कडकपणाही मोडतो. कोन फारच लहान असेल तर खिडक्या लांबट होतात आणि पृष्ठावर पाण्यासारखी लहर उठते. रेशमासाठी ती मुद्दाम वापरतात.

इशारा: संगणकाच्या पडद्यावरही अशी खोटी लहर दिसते. प्रतिमा १०० टक्के आणि २०० टक्के करून पाहा. आकार बदलताच लहर सरकली किंवा गायब झाली, तर ती पडद्याची. अशी लहर ‘कोरणाऱ्याचं कौशल्य’ म्हणून लिहिलेली पुष्कळ वेळा वाचायला मिळते.

मखमल आणि सॅटिन ओळखायची खूण प्रकाशात आहे. सॅटिनवर घडीच्या माथ्यावर धारदार चकाकी येते. मखमलीचे केस उभे असतात, म्हणून माथा गडद राहतो आणि उजेड घडीच्या कडांना सरकतो. कोरणाऱ्याला हे फक्त रेषेच्या फुगण्याने सांगायचं असतं: सॅटिनसाठी माथ्यावर रेषा तुटते, मखमलीसाठी माथ्यावरच ती जाड होते. मोठ्या केलेल्या प्रतीवर एकच रेषा बोटाने पकडा आणि घडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची जाडी कशी बदलते ते चार-पाच ठिकाणी नोंदवा. बोट सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

झग्यावरच्या लिली पाहताना वेगळा सवाल विचारा. रंगात निळ्यावर सोनं आपोआप सुटं दिसतं. इथे लिली वेगळी दिसायला तीनच वाटा: तिची छटा उजळ ठेवणं, तिच्यातल्या रेषांची दिशा बदलणं, किंवा तिच्याभोवती गडद कड देणं. तुमच्या छापात कोणती वाट घेतलीय? घडी जिथे लिलीवरून जाते तिथे लिलीचा आकार वाकतो की ती कापडावर चिकटवल्यासारखी सपाट राहते?

फर हा उलटा प्रकार. तिथे काम बहुतेक कोऱ्या कागदाचं. काळ्या शेपट्यांचे ठिपके आणि कडेला आखूड, तुटक फटकारे, एवढ्यावर मऊपणा येतो. म्हणून फरीच्या नोंदीत ‘रेषा नाही’ हीही नोंद आहे. टोप याच्या बरोबर विरुद्ध: लांब वक्र रेषांच्या जुड्या, प्रत्येक जुडी एका बिंदूपासून फुटून दुसरीखाली शिरते.

शेवटी कडा. चांगल्या कोरीव छापात वस्तूला बाहेरून काढलेली रेघ सहसा नसते. एका भागाच्या रेषा थांबतात, दुसऱ्या दिशेच्या सुरू होतात, आणि कड डोळ्यात तयार होते. झगा पार्श्वभूमीला भिडतो तिथे तीन जागा निवडा आणि कड कशी बनलीय ते लिहा. बाह्यरेघ सापडली तर तीही महत्त्वाची. ती का लागली असेल? बहुधा तिथे दोन्ही बाजूंचा छटेचा आकडा सारखा निघतो.

तपासा: पडदा आणि झगा यांचे चौथ्या पायरीतले आकडे सारखे आले होते का? आता त्यांच्या रेषांच्या पाच नोंदी शेजारी ठेवा. वेगळेपण दिशेत आहे, अंतरात आहे की छेदाच्या कोनात? हे उत्तर मिळालं नाही तर पुढे जाऊ नका.

तुलनेसाठी मेलाँचा एखादा छाप उघडून ठेवावा. तो बहुतेक वेळा रेषा छेदतच नाही. समांतर रेषांचा एकच थर घेतो आणि सगळी छटा फक्त जाडी कमी-जास्त करून आणतो. १६४९च्या त्याच्या एका छापात ख्रिस्ताचा पूर्ण चेहरा नाकाच्या टोकापासून निघालेल्या एकाच सलग चक्राकार रेषेने झालाय. तो पाहिल्यावर ध्यानात येतं की छेदणं ही सक्ती नव्हती, निवड होती.

पायरी ६: चेहरा

आता चेहरा. इथली रीत बाकी छापापेक्षा वेगळी असते. गडद बाजूला बारीक छेदलेल्या रेषा, उजेडाकडे येता येता त्या एकेरी होतात, मग तुटून आखूड फटकारे होतात, मग ठिपके, आणि शेवटी कोरा कागद. हा उतार कपाळावर, गालावर आणि हनुवटीवर वेगळा असतो. तिन्ही ठिकाणी त्याचे टप्पे मोजा. कुठे पाच टप्पे, कुठे दोन. जिथे टप्पे कमी तिथे हाड जवळ असल्यासारखं वाटतं, जिथे जास्त तिथे मांस.

डोळ्यांत दोन गोष्टी पाहायच्या. बुबुळातली चकाकी म्हणजे राखलेला कोरा ठिपका. आणि डोळ्याचं पांढरं प्रत्यक्षात पांढरं नसतं, त्यावर बारीक रेषा असतात. त्या नसतील तर एकतर प्लेट झिजलीय किंवा नजर ताठ दिसावी म्हणून तसं केलंय. झीज असेल तर चेहऱ्यावरच्या बाकी बारीक रेषाही गेलेल्या दिसतील.

मोठ्या कार्यशाळांत चौकट, कपडे, पार्श्वभूमी साहाय्यकांकडे जात असे आणि मस्तक उस्तादाकडे. त्यामुळे चेहरा आणि वस्त्र यांच्या रेषांत तफावत दिसली की लगेच ‘राजाचं दैवीपण वेगळ्या रेषेत दाखवलंय’ असा निष्कर्ष काढू नका. हातांचा फरकही असू शकतो. तफावत लिहा, कारण सावकाश ठरवा.

पायरी ७: मूळ चित्र आता उघडा

एवढं झाल्यावरच रिगोचं चित्र आणि संग्रहालयाची टिपणी समोर घ्या. कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात जे तसंच आहे. दुसऱ्यात जे माध्यमामुळे बदलणारच होतं: रंग गेला, उंची पावपट झाली, खाली अक्षरं आली. तिसऱ्यात जे बदलायची गरज नव्हती तरी बदललं: एखादी छटा उचलली, कडेची जागा कापली, पार्श्वभूमी गडद केली. तुमचा युक्तिवाद तिसऱ्या रकान्यातूनच येईल. विद्यार्थी हमखास दुसऱ्या रकान्यावर पानं भरतात.

मूळ चित्राचं छायाचित्र राखाडी करून छटा ताडून पाहायचा मोह होतो. सांभाळून. राखाडी करताना सॉफ्टवेअर तांबड्या-निळ्याला जे वजन देतं ते द्रव्हेने दिलेलं वजन नव्हे. आकडे मूळ रंगीत चित्रावर डोळ्यांनीच द्या. आणखी एक अडचण: एवढं मोठं चित्र प्लेटवर आणताना मध्ये प्लेटच्या मापाचं रेखाटन करून घेण्याची पद्धत होती. म्हणून प्रत्येक बदल कोरणाऱ्याच्याच नावावर टाकू नका. ‘छापात असा बदल दिसतो’ एवढं पुरेसं असतं.

मराठी वाचकाला ही सावधगिरी घरच्या चित्रासाठीही लागते. फ्रांस्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४-२६च्या डच ग्रंथात शिवाजी महाराजांचं तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं चित्र आहे. त्यावर चर्चा होते ती चेहरा खरा की खोटा याची. पण चेहऱ्याची गोलाई, गालाखालची सावली, कापडाच्या चुण्या हे सगळं युरोपीय कोरणाऱ्याच्या रेषेतून आपल्यापर्यंत आलंय. भारतीय लघुचित्रात सावलीला सहसा अशी जागा नसते. त्यामुळे अशा छापात आधी कोरणाऱ्याची भर वेगळी काढायची आणि मग उरलेल्या भागाबद्दल बोलायचं.

पायरी ८: लिहिणं

नोंदी भरपूर झाल्या की त्या क्रमाने उतरवून काढायचा मोह होतो. तसं केलं की यादी होते. त्याऐवजी एक दावा निवडा आणि त्याला लागतील तेवढ्याच नोंदी घ्या. चाळीस नोंदींतल्या बारा कामाला आल्या तरी पुष्कळ.

दाव्याचं वाक्य कसं नसावं: ‘या छापातून लुईचं भव्य व्यक्तिमत्त्व प्रकट होतं.’ हे वाक्य कोणत्याही राजाला बसतं. कसं असावं: ‘रंग नसताना मोजे आणि फर चेहऱ्यावर मात करू नयेत म्हणून त्यांच्यावर फिकट रेषांचा थर चढवलाय, आणि चेहऱ्याला टोपाच्या काळ्या घेराने पुढे आणलंय.’ यात काय दिसतं, कशाने दिसतं आणि त्याचा परिणाम काय, तिन्ही आले. तुमच्या छापात असं दिसत नसेल तर वाक्य उलटं फिरवा. ढाचा तोच ठेवा.

प्रत्येक परिच्छेदात हा क्रम पाळा: जागा, रेषा किंवा छटा, परिणाम. अर्थ त्यानंतर. ‘सत्ता’, ‘वैभव’, ‘दरारा’ हे शब्द परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्याआधी आले तर बहुधा निरीक्षण कमी पडलंय. ‘नाट्यमय’ हा शब्द बरोक म्हटलं की आपसूक येतो; तो आला की खोडा आणि त्या जागी छटेचे दोन आकडे लिहा. आणि ‘रेखीव’, ‘सुबक’, ‘अप्रतिम’ ही शाबासकी आहे, तिचा विश्लेषणात उपयोग नाही.

देण्याआधी चित्राची ओळ तपासा. क्रम असा: कोरणारा, कोणाच्या चित्रावरून, विषय, साल, तंत्र, माप, संग्रह आणि नोंदक्रमांक. चित्रकाराचं नाव आधी आणि कोरणाऱ्याचं कंसात, ही उलटी ओळ सर्वत्र दिसते. ती चूक आहे, कारण समोरची वस्तू द्रव्हेची आहे. मापात आधी उंची, मग रुंदी. आणि ते माप प्लेटच्या ठशाचं की पूर्ण कागदाचं हे लिहायचंच. कडा ठशाच्या आत कातरलेल्या असतील तर मापापुढे ‘कातरलेला’ असं नोंदवा, नाहीतर तिसऱ्या पायरीत मोजलेला अक्ष आणि डोक्यावरची जागा दोन्ही चुकीच्या चौकटीवर मोजल्यासारखी होतात.